ट्रंकेतली पदकं

दिवाळीची साफसफाई म्हणजे आपल्या बायकांची खरी परीक्षा. माळ्यावरचं खाली येतं, खालचं माळ्यावर जातं, आणि मधल्या वेळात एखादी अशी वस्तू हाती लागते की झाडू बाजूला टाकून आपण तिथंच फतकल मारून बसतो. खरं ना?

आमच्या कामोठ्याच्या सोसायटीत, समोरच्या ब्लॉकमधल्या वहिनींचं असंच झालं. कामोठं तुम्हांला ठाऊक असेल. शीव-पनवेल महामार्गालगतचं, मानसरोवर आणि खांदेश्वर स्टेशनांजवळचं, सिडकोनं सेक्टर पाडून वसवलेलं गाव. इथं कुणी साताऱ्याकडचं, कुणी सांगलीचं, कुणी नगरचं, कुणी कोकणातलं. प्रत्येकाच्या माळ्यावर गावाकडचं काहीतरी असतंच. वहिनींच्या माळ्यावर होती पत्र्याची हिरवी ट्रंक. गावचं जुनं घर पाडलं तेव्हा सासूबाईंनी ती टेम्पोत घालून आणली आणि तेव्हापासून ती तशीच पडून होती.

दुपारी बेल वाजली. वहिनी दारात. हातात जुन्या धोतराच्या फडक्याची पुरचुंडी.

"ताई, जरा बघता का? हे पितळ आहे की काय? चिंच-मीठ लावलं तर निघेल का? आणि ठेवण्यासारखं नसेल तर भंगारवाला खाली आलाच आहे."

पुरचुंडी सोडली. आत सहा टोकांच्या दोन काळवंडलेल्या चांदण्या आणि रुप्यासारखं दिसणारं एक गोल नाणं. एका चांदणीला फितीचा तुकडा अजून चिकटलेला. लाल, पांढरा, हिरवा, पुन्हा पांढरा, पुन्हा लाल. भिंग घेऊन मागं पाहिलं तर बारीक अक्षरांत नंबर आणि नाव. वहिनींच्या आजेसासऱ्यांचं नाव!

"वहिनी," मी म्हटलं, "त्या भंगारवाल्याला आधी घालवून द्या."

हजेरीचं पदक आणि शौर्याचं पदक

त्या चांदण्यांतली एक होती 'इटली स्टार'. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या मोहिमेवर जे सैनिक होते त्यांना मिळालेली. दुसरी '१९३९-४५ स्टार' आणि गोल होतं ते 'वॉर मेडल'. मी हे सांगितलं तसा वहिनींचा चेहरा जरा उतरला.

"म्हणजे शौर्याचं नव्हे? सगळ्यांनाच मिळायचं ते?"

हा प्रश्न तुमच्याही मनात येईल, म्हणून इथंच सांगते. सैनिकाच्या छातीवर जी पदकं दिसतात ती सगळी एका जातीची नसतात. काही हजेरीची असतात: अमुक मोहिमेत होता, अमुक वर्षं नोकरी केली, अमुक उंचीवर बर्फात राहिला. आणि काही असतात एका विशिष्ट दिवसाची, एका विशिष्ट कृतीची. ती शौर्यपदकं. अशा पदकासोबत एक प्रशस्तिपत्र असतं आणि त्यात तो दिवस, ती जागा आणि त्यानं काय केलं, हे लिहिलेलं असतं.

पण शौर्यपदक मिळायचं तर कुणीतरी पाहिलेलं असावं लागतं. वरिष्ठानं शिफारस करायची, प्रत्यक्ष पाहणाऱ्यांनी साक्ष द्यायची, मग कागद वर जायचा. पाहणारेच गेले तर? अंधारात, धुरात, चिखलात एकानं दुसऱ्याला पाठीवर घेऊन आणलं आणि ते कुणीच पाहिलं नाही, तर त्याला पदक नाही. म्हणून 'नुसत्या हजेरीचं' म्हणून कुठलंही पदक हलकं समजू नका. त्या हजेरीच्या पोटात काय काय दडलं असेल, कुणी सांगावं?

आता त्या इटलीच्या मोहिमेतली, साक्षीदारांनी पाहिलेली एक गोष्ट सांगते. आपल्याच माणसाची आहे.

सेनिओ नदीच्या काठी

नगर जिल्ह्यातल्या निमज गावचा एक मुलगा. नाव नामदेव जाधव. जन्म १८ नोव्हेंबर १९२१. भरती झाला तो पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीत. १९४५ साली तो इटलीत होता, वय तेवीस. हुद्दा साधा शिपायाचा आणि काम 'कंपनी रनर'चं, म्हणजे निरोप्याचं. कंपनीच्या साहेबाबरोबर राहायचं आणि त्याचे हुकूम इकडून तिकडे पळत पोचवायचे.

९ एप्रिल १९४५ची संध्याकाळ. सान पोलितो गावाच्या उत्तरेला सेनिओ नदी ओलांडायची होती. नदी तशी मोठी नव्हे. रुंदी पंधरा फूट, म्हणजे आपल्या कामोठ्याच्या फ्लॅटमधल्या हॉलएवढी. पाणी चार-पाच फूट, छातीपर्यंत. पण दोन्ही काठांना पुराचे बांध होते तीस-पस्तीस फूट उंच, तीन मजली इमारतीएवढे, आणि चढ असा की उभं राहवू नये. त्या बांधांच्या पोटात जर्मनांनी उंदरांसारखी बिळं पोखरून मोर्चे केले होते. पूर्वेकडच्या बांधाच्या आतल्या अंगाला सुरुंगांचा पट्टा पेरलेला होता.

नामदेवची कंपनी पूर्वेकडून नदीत उतरली, पाणी कापत पलीकडच्या काठाला लागली आणि तेवढ्यात मागून गोळ्या सुरू झाल्या. ज्या बांधावरून ते उतरले होते, त्याच बांधाच्या आतल्या अंगात निदान तीन मोर्चे लपलेले होते. कंपनीचा साहेब आणि दोन जवान जखमी झाले. त्यांच्याबरोबरचे बाकीचे सगळे ठार. धड उभा राहिला तो एकटा नामदेव.

आता तुम्ही क्षणभर तिथं उभ्या राहून बघा. पुढं शत्रू, मागं शत्रू, मध्ये पाणी. पळायचं म्हटलं असतं तर त्याला कुणी दोष दिला नसता.

त्यानं एका जखमीला उचललं. परत त्याच पाण्यातून, त्याच गोळ्यांतून, तो उभा बांध चढून, सुरुंगांच्या पट्ट्यातून पाय टाकत त्याला पलीकडे सुरक्षित जागी पोचवलं. एकदा उचललं की माणूस ओल्या कपड्यांनिशी किती जड होतो, हे बेशुद्ध आजारी माणसाला खाटेवरून हलवलेल्या कुठल्याही बाईला विचारा! आणि नामदेव थांबला नाही. दुसरा जखमी अजून तिथंच होता. तो पुन्हा बांध उतरला, पुन्हा पाण्यात शिरला आणि दुसऱ्यालाही घेऊन आला. दोन्ही खेपांना उखळी तोफा आणि मशीनगन चालूच होत्या.

त्यानंतर तिसऱ्यांदा तो त्या उघड्या बांधावर गेला, एकटा. सर्वांत जवळचा मोर्चा टॉमीगननं गप्प केला. हाताला गोळी लागली, बंदूक धरवेना, तेव्हा ती फेकून दिली आणि हातबॉम्ब घेतले. ते संपल्यावर सरपटत बांधाच्या माथ्यावर जाऊन पलीकडच्या सोबत्यांकडून आणखी मागून आणले. असे आणखी दोन मोर्चे त्यानं संपवले. मग तोफांच्या माऱ्यात बांधाच्या माथ्यावर सरळ उभा राहिला, मराठ्यांची रणगर्जना केली आणि जखमी हात हलवून मागच्या कंपन्यांना 'या, या' म्हणून बोलावलं. नदीचे दोन्ही काठ हाती आले.

त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ब्रिटिश अमदानीतलं हे सर्वोच्च शौर्यपदक. स्वातंत्र्यानंतरही तो आपल्या लष्करात राहिला, हवालदार झाला. २ ऑगस्ट १९८४ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. (बघा, 'तो' म्हणता म्हणता 'त्यांचं' कधी झालं ते कळलंच नाही. तेवीस वर्षांचा मुलगा आणि वडीलधारा हवालदार, दोन्ही रूपं डोळ्यांसमोर उभी राहतात.)

त्याच मराठा पलटणीचा दुसरा व्हिक्टोरिया क्रॉस तर आपल्या रायगड जिल्ह्यातला. नाईक यशवंत घाडगे, माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे. १० जुलै १९४४ रोजी, इटलीतल्याच टायबर नदीच्या खोऱ्यात, त्यांच्या तुकडीतली सगळी माणसं मशीनगनपुढं पडली आणि ते एकटे उरले. ते त्या मशीनगनवर धावून गेले, तो मोर्चा संपवला आणि तिथंच गोळी लागून पडले. वय बावीस. २०२३ साली इटलीतल्या मोन्तोने गावानं त्यांच्या नावानं सूर्यघड्याळाचं स्मारक उभारलं. कुठं पळसगाव नि कुठं मोन्तोने!

मारण्यापेक्षा वाचवणं

मला या गोष्टीत एक विचार सारखा येतो. नामदेव जाधवांनी तीन मोर्चे घेतले हे खरंच, पण आधी काय केलं? आधी दोन माणसं आणली. मोर्चे नंतर.

लढाईत वाचवण्याचं शौर्य वेगळं असतं. हल्ला करताना हातात हत्यार असतं, अंगात आवेश असतो. जखमीला खांद्यावर घेतलं की दोन्ही हात अडकतात. पळता येत नाही, आडोसा घेता येत नाही, गोळीला उत्तर देता येत नाही. म्हणून जगभर अशा कृतीला शौर्यपदकांत मानाची जागा आहे. ब्रिटिश सैन्यातले डॉक्टर नोएल चॅव्हस यांनी तर हातात बंदूक न घेता दोनदा व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. पहिल्या महायुद्धात रात्री-बेरात्री शत्रूच्या खंदकांजवळ जाऊन ते जखमींना शोधून आणत. ऑगस्ट १९१७ मध्ये, स्वतः जखमी झाले असतानाही काम न सोडल्यानं, त्यांना मरण आलं.

आपल्याकडचं उदाहरण फार दूरचं नाही. ९ डिसेंबर १९७१च्या रात्री दीवजवळच्या समुद्रात 'खुकरी' ही आपली युद्धनौका पाणतीरांनी बुडाली. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांनी सोबत्यांना बोटीबाहेर काढण्यासाठी जिवाचं रान केलं आणि स्वतः मात्र नौका सोडली नाही. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक त्या रात्री गेले. कप्तान मुल्लांना मरणोत्तर महावीरचक्र मिळालं. आणि २६ नोव्हेंबर २००८? ताज हॉटेलात मेजर संदीप उन्नीकृष्णन यांनी आपल्या जखमी कमांडोला आधी बाहेर पाठवण्याची सोय केली आणि मग एकटे अतिरेक्यांच्या मागे गेले. गिरगाव चौपाटीला आपल्या तुकाराम ओंबळेंनी कसाबच्या बंदुकीची नळी छातीशी धरून ठेवली, म्हणून मागचे सोबती वाचले. दोघांनाही अशोकचक्र मिळालं, दोघांनाही मरणोत्तर.

पदकावरचं वज्र कुणी काढलं?

आता तुम्ही विचाराल, परमवीर, महावीर, अशोक, कीर्ती… यांत थोरलं कोणतं, धाकटं कोणतं? सोपं आहे. शत्रूशी समोरासमोर लढताना मिळतात ती तीन: परमवीरचक्र, त्याखाली महावीरचक्र, त्याखाली वीरचक्र. ही २६ जानेवारी १९५० रोजी सुरू झाली आणि १५ ऑगस्ट १९४७ पासून लागू धरली गेली. प्रत्यक्ष युद्धाबाहेरच्या शौर्याला त्याच पायऱ्यांनी अशोकचक्र, कीर्तिचक्र आणि शौर्यचक्र. ती नागरिकांनाही मिळू शकतात. त्याशिवाय सेना, नौसेना आणि वायुसेना पदकं आहेत. परमवीरचक्र आजवर एकवीस जणांनाच मिळालं आहे आणि त्यांतली चौदा मरणोत्तर आहेत.

आणि परमवीरचक्राची आकृती कुणी काढली, माहीत आहे? एका सुनेनं. मराठी घरातल्या सुनेनं!

त्यांचं माहेरचं नाव ईव्ह. जन्म १९१३चा, स्वित्झर्लंडमधला. लष्करी शिक्षण घेणाऱ्या विक्रम खानोलकर या मराठी तरुणावर त्यांचा जीव जडला आणि १९३२ मध्ये त्या लग्न करून इथल्याच झाल्या. नाव घेतलं सावित्री. आपल्यापैकी किती जणींना पुराणांतल्या गोष्टी नीट सांगता येतील? सावित्रीबाईंना येत होत्या. स्वातंत्र्यानंतर नव्या पदकांची जबाबदारी मेजर जनरल हिरालाल अटल यांच्याकडे आली, तेव्हा त्यांनी आकृतीचं काम सावित्रीबाईंवर सोपवलं. त्यांनी परमवीरचक्रावर इंद्राचं वज्र काढलं, चारी बाजूंना चार. वज्र कशाचं, हे तुम्हांला आजीनं सांगितलंच असेल. दधीची ऋषींच्या हाडांचं. दुसऱ्यांच्या रक्षणासाठी आपली हाडं काढून दिली त्यांनी! पदक सोन्याचंही नाही, चांदीचंही नाही. साधं काशाचं, जांभळ्या फितीला लटकणारं.

आणि योगायोग असा, की पहिलं परमवीरचक्र ज्यांच्या नावे जाहीर झालं ते मेजर सोमनाथ शर्मा सावित्रीबाईंच्या थोरल्या मुलीचे दीर. आपण रेखाटलेलं पदक आपल्याच मुलीच्या सासरी जावं, आणि तेही मरणोत्तर! त्या वेळी त्या माउलीला काय वाटलं असेल?

बायकांच्या छातीवरही

ही पदकं फक्त पुरुषांची, असं समजू नका. ५ सप्टेंबर १९८६ रोजी कराचीच्या विमानतळावर पॅन ॲमचं विमान अतिरेक्यांनी ताब्यात घेतलं. मुंबईहून निघालेल्या त्या विमानातल्या नीरजा भनोत यांनी दार उघडून प्रवाशांना बाहेर काढलं आणि मुलांना वाचवताना गोळ्या झेलल्या. तेविसाव्या वाढदिवसाला दोन दिवस उरले होते. अशोकचक्र मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला.

२६ फेब्रुवारी २०१० रोजी काबूलमध्ये भारतीयांच्या निवासस्थानावर हल्ला झाला. तिथं इंग्रजी शिकवण्याच्या कामावर असलेल्या लष्करी अधिकारी मिताली मधुमिता हातात शस्त्र नसताना पायी धावत घटनास्थळी पोचल्या आणि ढिगाऱ्याखालच्या जखमींना बाहेर काढलं. शौर्यासाठी सेना पदक मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला अधिकारी. आणि २०२३ साली विंग कमांडर दीपिका मिश्रा यांना शौर्यासाठी वायुसेना पदक मिळालं. मध्य प्रदेशातल्या महापुरात हेलिकॉप्टर घेऊन त्यांनी लोकांना छपरांवरून उचललं होतं.

घरात राहणाऱ्या आपल्यासारखींसाठीही एक दार आहे बरं का. बुडणाऱ्याला, आगीत किंवा विजेच्या धक्क्यात सापडलेल्याला जिवावर उदार होऊन वाचवणाऱ्या नागरिकाला 'जीवनरक्षा पदक' मिळतं. त्याच्याही तीन पायऱ्या आहेत आणि राज्य सरकारच्या शिफारशीनं ते दिलं जातं. तुमच्या सोसायटीत, तुमच्या चाळीत कुणी असं केलं असेल, तर नुसता नारळ-शाल देऊन थांबू नका. वर कळवा. मघाशी म्हटलं ना, पाहणारा लागतो? ते पाहणारं माणूस तुम्ही असाल.

पदक कुणाचं?

आता जरा अवघड विषय. पदक घरी येतं तेव्हा बऱ्याचदा ज्याचं ते असतं तो माणूस नसतो. मग ते कुणाचं? आईचं की बायकोचं? ज्या घरात सासू-सून एकमेकींना धरून असतात तिथं हा प्रश्न उठत नाही. उठतो तेव्हा मात्र फार दुखवतो.

शौर्यपदकाबरोबर सरकारकडून दरमहा मानधन मिळतं. १ ऑगस्ट २०१७ पासून ते दुप्पट झालं. तेव्हा ठरलेले आकडे असे: परमवीरचक्राला २०,००० रुपये, अशोकचक्राला १२,०००, महावीरचक्राला १०,०००, कीर्तिचक्राला ९,०००, वीरचक्राला ७,०००, शौर्यचक्राला ६,००० आणि शौर्यासाठीच्या सेना पदकाला २,००० रुपये. वीर गेल्यावर हे मानधन पत्नीला चालू राहतं. अविवाहित मुलाला मरणोत्तर पदक मिळालं तर ते वडिलांना किंवा आईला.

पण या नियमात वर्षानुवर्षं एक खडा होता. विधवेनं पुनर्विवाह केला की मानधन बंद! अपवाद एकच. दिवंगत पतीच्या भावाशी लग्न केलं तर चालू. म्हणजे दिराशी केलंस तर ठीक, बाहेर केलंस तर नवऱ्याच्या शौर्याशी तुझा संबंध संपला! विशी-पंचविशीतल्या मुलीपुढं ठेवलेला हा कसला सौदा? तिच्या नवऱ्यानं जीव दिला, तो काही तिच्या पुढच्या आयुष्याला अटी घालून नव्हे.

नोव्हेंबर २०१७ मध्ये संरक्षण मंत्रालयानं ही अट काढून टाकली. आता पुनर्विवाह केला, कुणाशीही केला, तरी तिचं मानधन तहहयात तिचंच. ही गोष्ट गावोगावी पोचायला हवी. तुमच्या ओळखीत, नात्यात अशी कुणी असेल आणि 'लग्न केलंस तर पैसे जातील' अशी भीती तिला कुणी घालत असेल, तर तिला हे सांगा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अशी विचारपूस करता येते. आपल्या रायगडचं कार्यालय अलिबागला आहे.

आणि साताऱ्याच्या स्वाती महाडिक आठवतात ना? त्यांचे पती कर्नल संतोष महाडिक नोव्हेंबर २०१५ मध्ये कुपवाड्याला अतिरेक्यांशी लढताना गेले. त्यांना मरणोत्तर शौर्यचक्र मिळालं. दोन मुलांची आई असलेल्या स्वातीताईंनी वयाची सवलत मागून घेतली, परीक्षा दिली, चेन्नईला खडतर प्रशिक्षण घेतलं आणि सप्टेंबर २०१७ मध्ये त्या स्वतः लेफ्टनंट झाल्या. पदक भिंतीवर लावून त्यापुढं रडत बसण्याऐवजी त्यांनी तो गणवेशच अंगावर चढवला. सगळ्यांना हे जमेल असं नाही, पण दुःखातून वाट अशीही निघते, एवढं खरं.

पदकं कशी सांभाळावीत?

वहिनींचा मूळ प्रश्न राहिलाच की! चिंच-मीठ लावावं का?

मुळीच नको. जुन्या पदकावरचा काळपट, तपकिरी रंग म्हणजे मळ नव्हे, ते त्याचं वय आहे. चिंच, लिंबू, भांड्यांची पावडर, राख यांनी तो निघतो आणि घासून घासून कडेवरचं नाव आणि नंबरही पुसट होतो. आणि तो नंबरच तर सगळ्यांत मोलाचा. तेव्हा:

– मऊ, कोरड्या सुती कापडानं नुसती धूळ टिपा. ओलं फडकं नको.

– प्रत्येक पदक वेगळ्या सुती तुकड्यात गुंडाळा. एकमेकांवर घासू देऊ नका.

– डांबरगोळ्या आणि कापूर यांच्या शेजारी ठेवू नका. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका.

– आपल्याकडची खाडीची दमट हवा धातूला वाईट. नव्या औषधांच्या किंवा चपलांच्या खोक्यात जी ओल शोषणारी पुडी येते, ती डब्यात टाका आणि पावसाळ्याआधी बदला.

– फीत जीर्ण असली तरी कापू नका. धुऊ तर नकाच. रंग जातो.

– चौकट करायची असेल तर ऊन येणारी भिंत टाळा. फितीचा रंग उडतो.

– नंबर, नाव, पलटण एका वहीत लिहून ठेवा आणि पदकाचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा. प्रशस्तिपत्र, पेन्शनचे जुने कागद फाडू नका.

– विकायला मागणारे येतील. जुन्या पदकांना बाजारात किंमत येते. घरात सगळ्यांनी बसून ठरवल्याशिवाय हातचं सोडू नका.

आणखी एक. श्रद्धांजलीच्या कार्यक्रमात दिवंगत सैनिकाच्या नातेवाइकांना त्याची पदकं लावता येतात. मात्र ती उजव्या बाजूला लावायची. डावी बाजू ज्यानं मिळवली त्याची.

ट्रंकेचं पुढं काय झालं?

वहिनींनी भंगारवाल्याला परत पाठवलं. संध्याकाळी सासूबाई देवळातून आल्या तेव्हा पदकं टेबलावर मांडलेली होती. त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मामंजी कधी बोलले नाहीत यावर. एकदाच बोलले. गावात कुणाला पान लागलं होतं, त्याला पाठीवर घेऊन ते ओढ्यापलीकडं पळाले. परत आल्यावर मी पाणी दिलं. म्हटलं, दमला असाल. तर म्हणाले, माणूस पाठीवर असला की वजन कळत नाही, पोरी. खाली ठेवल्यावर कळतं."

वहिनी नि मी एकमेकींकडं बघत राहिलो. कुठं शिकले असतील ते हे? नंबर हाताशी होता. वहिनींनी दुसऱ्याच दिवशी बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या अभिलेख कार्यालयाला पत्र टाकलं: आमचे आजेसासरे अमुक नंबरचे, कुठल्या बटालियनमध्ये होते, कुठं कुठं होते, कळवावं. उत्तर येईल तेव्हा येईल. तोवर सासूबाईंना जे जे आठवतं ते वहिनींची मुलगी शाळेच्या वहीत उतरवून घेते आहे. रोज एक पान.

मैत्रिणींनो, तुमच्याही माळ्यावर अशी एखादी ट्रंक असेल. सासरची असेल, माहेरची असेल. या दिवाळीत ती नुसती पुसून परत वर ढकलू नका. उघडून बघा. आणि घरात जे सर्वांत वडीलधारं माणूस असेल, त्याला जवळ बसवून विचारा, हे कुणाचं? पदक पुढं पन्नास वर्षं टिकेल. सांगणारं माणूस तेवढं टिकणार नाही.